फायबर घेताना फोनचं सॉकेट कुठं बसवायचं? लाईनमन येण्याआधीचं आणि आल्यावरचं काम

तांब्याच्या तारेवरचं जुनं कनेक्शन काढून फायबर घेतलं की आठ-पंधरा दिवसांत मला फोन येतो. "वाय-फाय माजघरात पोचत नाही." "लँडलाईन मेलीय." "करंट गेला की सगळंच जातंय." बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागात मी घरगुती वायरिंगची कामं करतो, कधी खानापूर-नंदगडकडंही जातो. बघायला गेलं की बहुतेक ठिकाणी फायबरचा वाय-फाय देणारा बॉक्स ठीक असतो, प्लॅनही ठीक असतो. चुकलेली असते ती जागा.

जागा कशी ठरते ते तुम्हीही पाहिलं असेल. शिडी लावून माणूस वर चढलेला, केबल सोप्याच्या खिडकीतून आत आलेली, हातात ड्रिल. तो विचारतो, "कुठं लावू?" घरातलं कोणीतरी चहा ठेवता ठेवता सांगतं, "जुन्या फोनजवळच लावा की." झालं, संपलं. म्हणून खालच्या पहिल्या पाच पायऱ्या तो माणूस दारात यायच्या आधी उरकायच्या आहेत.

पायरी १ : कोणाला अंतर चालतं ते समजून घ्या

जुन्या पद्धतीत खांबावरून तार थेट फोनच्या सॉकेटला यायची (आपल्याकडचे लाईनमन त्याला रोझेट म्हणतात) आणि मोडेम फोनशेजारी बसायचा. फायबरमध्ये क्रम उलटा आहे. काचेची तार आधी बॉक्समध्ये येते आणि फोनची लाईन त्या बॉक्समधून बाहेर निघते. म्हणजे फोन आता शेवटचा आणि बॉक्स पहिला. जागा ठरवतानाही हाच क्रम धरायचा.

घरातल्या घरात फायबरला अंतराचं काही वाटत नाही. एका किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल घट होते, तर वीस मीटर जास्त ओढल्यानं काय होणार? फोनच्या दोन तारांनाही वीस-पंचवीस मीटर म्हणजे काहीच नाही. नेटवर्कची कॅट-६ केबल शंभर मीटरपर्यंत चालते. या सगळ्यांत नाजूक एकच, वाय-फाय. ते भिंतीला अडतं.

तेव्हा बॉक्स वाय-फायच्या सोयीनं बसवा आणि फोन माणसांच्या सोयीनं. दोन्ही एकाच जागी पाहिजेत असा नियम कुठंच नाही.

पायरी २ : भिंती मोजा आणि घरात फिरून बघा

आपल्या भागातली घरं वाय-फायसाठी सोपी नाहीत. खानापूर, जांबोटी बाजूला जांभ्या दगडाच्या भिंती, जुन्या वाड्यांत दीड-दीड फुटाच्या. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परसू अशी सरळ रांग, म्हणजे सोप्यातला सिग्नल स्वयंपाकघरात जायला दोन-तीन जाड भिंती ओलांडणार. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा तो आणखी कमी होतो. वरची खोली पत्र्याची असेल तर पत्रा सिग्नल परत फेकतो. टिळकवाडी, हिंदवाडीतल्या नव्या स्लॅबच्या घरांत भिंती पातळ, पण मधला स्लॅब सळ्यांनी भरलेला. खालचं वाय-फाय वर अर्धमेलं पोचतं.

अंदाज बांधण्यापेक्षा हे करून बघा. एका मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून तो ठरवलेल्या जागी चार-साडेचार फुटांवर ठेवा. दुसरा मोबाईल त्याला जोडा आणि घरभर फिरा. सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा (म्हणजे उणे ६०, उणे ५०) आला तर व्हिडिओ कॉल नीट चालेल. उणे ७५ च्या खाली गेला तर त्या खोलीत तक्रार येणारच. मोबाईलचा हॉटस्पॉट बॉक्सपेक्षा सहसा कमजोर असतो, त्यामुळं हॉटस्पॉट जिथं पोचला तिथं बॉक्स पोचेल असं धरायला हरकत नाही. दोन-तीन जागा अशा तपासा आणि आकडे कागदावर लिहून ठेवा.

बॉक्ससाठी टाळायच्या जागा:

- लोखंडी कपाटामागं, फ्रीजच्या वर, मोठ्या आरशामागं.
- टीव्हीच्या काचबंद शोकेसमध्ये. आत गरम होतो आणि उन्हाळ्यात अधूनमधून बंद पडतो.
- मायक्रोवेव्हच्या किंवा २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कॉर्डलेस फोनच्या शेजारी.
- देवघराच्या भिंतीला, जिथं समईचा धूर आणि तेल बसतं.
- पश्चिमेच्या खिडकीखाली. जुलैत पाऊस तिरका येतो. माझ्या स्वतःच्या घरी मी हीच चूक केली. खिडकी बंद होती, पण चौकटीतून पाणी झिरपून अडॅप्टरवर आलं.

वडगाव, खासबाग, शहापुरात ज्यांच्या घरात माग चालतात त्यांनी एक जास्तीचं लक्षात ठेवा: मागाच्या खोलीत बॉक्स नको, आणि त्या खोलीच्या भिंतीच्या पाठीमागंही नको. दिवसभराच्या हादऱ्यानं पिना सैल होतात. सुताचे बारीक तंतू बॉक्सच्या जाळीत बसून आतली हवाच बंद होते. मी एक बॉक्स उघडला तर आत चक्क गादीचा कापूस असावा असा थर होता.

*तपासा:* ठरवलेल्या जागेपासून घरातली सगळ्यात लांबची, रोज वापरातली खोली किती भिंतींवर आहे? दोनपेक्षा जास्त असतील तर एका बॉक्सनं भागणार नाही. मग पायरी ५ मधला कॅट-६ चा पाइप आत्ताच टाका.

पायरी ३ : इन्व्हर्टरची लाईन शोधा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथं. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टवर चालायचा. गावभर अंधार असला तरी फोन जिवंत. फायबरवर ती सोय संपली. बॉक्सला करंट नाही तर इंटरनेट नाही आणि लँडलाईनही नाही. घरात एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल तर ही गोष्ट त्याला आधीच नीट समजावून सांगा.

इन्व्हर्टर असलेल्या घरांतही सगळे प्लग त्यावर नसतात. सहसा पंखे, दिवे आणि एखाददुसरा प्लग. मेन स्विच बंद करा, मोबाईलचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लगमध्ये घालून बघा. जिथं चार्जिंग सुरू होतं तिथं खडूनं खूण करा. बॉक्सची जागा अशा प्लगपासून एक-दोन फुटांत हवी. प्लग लांब असेल तर आधी माणूस बोलावून इन्व्हर्टरच्या लाईनवरून नवा पाच अँपियरचा प्लग काढून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत ठेवू नका. कोणीतरी इस्त्रीसाठी तो उपटणार, हे लिहून ठेवा.

इन्व्हर्टर नसेल तर बॉक्ससाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेक बॉक्स १२ व्होल्टचे असतात, अँपियर मात्र एक, दीड, दोन असे वेगवेगळे. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनेचं आतलं-बाहेरचं टोक, म्हणजे प्लस-मायनस, सुद्धा जुळलं पाहिजे.

*सावधान:* काही इन्व्हर्टर करंट गेल्यावर बदली करायला क्षणभर घेतात. तेवढ्यात बॉक्स बंद पडून पुन्हा सुरू होतो, दोन-तीन मिनिटं सगळं ठप्प. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा.

पायरी ४ : आता फोनची जागा

बॉक्सची जागा पक्की झाल्यावरच फोनकडं या. फोन कोण उचलतं? दिवसा घरात कोण असतं आणि कुठं बसतं? येळ्ळूरच्या एका घरात मुलानं फोन माडीवर बॉक्सजवळ नेऊन ठेवला होता. आजी खाली माजघरात. गुडघे धरून सात पायऱ्या चढेपर्यंत रिंग बंद व्हायची. मला म्हणाल्या, "बाळा, फोन असून नसल्यागत झालाय बघ." बॉक्स माडीवरच ठेवला आणि दोन तारांची साधी फोन वायर खाली आणून आजींच्या पलंगाजवळ रोझेट बसवलं. अर्ध्या तासाचं काम.

सॉकेट जमिनीपासून एक-दीड फुटावर किंवा टेबलाच्या उंचीला घ्या. अगदी खाली घेतलं तर फरशी पुसताना पाणी जातं. दाराच्या पाठीमागं नको, पलंगाच्या डोक्याशी दाबलं जाईल असंही नको. न्हाणीला लागून असलेल्या भिंतीवर तर मुळीच नको. ओलीनं आतल्या स्क्रूवर हिरवा कळंक चढतो आणि फोनवर खरखर सुरू होते.

बॉक्सच्या एका पोर्टवर समांतर दोन फोन लावा, फार तर तीन. जास्त लावले की रिंग मंदावते किंवा वाजतच नाही. आणि कोणाकडं अजून चकतीचा जुना फोन असेल तर त्यावर फोन येईल, पण लावता येईलच असं नाही. सगळे बॉक्स चकतीचे ठोके ओळखत नाहीत.

पायरी ५ : पाइप, भोक आणि दोरी

आता खडू घ्या आणि भिंतीवर खरोखर खुणा करा: केबल आत येण्याचं भोक (फुली), बॉक्स (चौकोन), फोन (गोल), लांबच्या खोलीतला नेटवर्क पॉइंट (त्रिकोण). मग एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत सुतळी लावून लांबी मोजा. भिंतीचे कोन, दाराच्या चौकटी धरून मोजा, आणि वर दोन मीटर जास्त धरा.

रंगकाम किंवा दुरुस्ती चालू असेल तर भिंतीत वीस किंवा पंचवीस मिलिमीटरचा पाइप टाकून घ्या. त्यात काटकोनी वळण देऊ नका, लांब वळण द्या. पाइपात नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोकं बाहेर ठेवा. पुढं केबल तिलाच बांधून ओढता येते. विजेच्या वायरच्या पाइपात फोनची किंवा नेटवर्कची केबल कधीही घालू नका. दोन्हींत सहा इंच तरी अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

भोक कुठं पाडायचं? शक्यतो पूर्वेच्या किंवा छपराखाली झाकलेल्या भिंतीला. ड्रिल आतून बाहेर मारा आणि बाहेरचं तोंड थोडं खाली येऊ द्या, म्हणजे पाणी आत वाहणार नाही. बाहेर केबल भोकाच्या खाली एक वळसा घेऊन मग वर आत यावी. वळशाच्या खालच्या टोकावरून थेंब गळून जातात. काम झाल्यावर भोक सिलिकॉननं किंवा एम-सीलनं बुजवा. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात ही दोन मिनिटं आळस केला तर भिंतीवर ओलीचा नकाशा उमटतो.

जांभ्याच्या भिंतीत स्क्रू नीट धरत नाही. ड्रिलनं भोक भुसभुशीत होतं आणि स्क्रूची प्लास्टिकची गिट्टी फिरत राहते. तिथं मोठं भोक करून सिमेंटात लाकडी गट्टू बसवा, दोन दिवस वाळू द्या आणि मग त्यावर बॉक्स मारा. म्हणजे हे काम लाईनमन येण्याच्या किमान दोन दिवस आधीचं.

नेटवर्कची केबल घेताना आतली तार पूर्ण तांब्याचीच मागा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल बाजारात भरपूर आहे. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

पायरी ६ : लाईनमन आल्यावर

त्याला आधी खुणा दाखवा. कन्नड बोलणारा असला आणि तुमचं कन्नड मोडकं असलं तरी "इल्लि ब्याडरी, अल्लि माडरी" (इथं नको, तिथं करा) एवढं पुरतं. बाकी फुली-चौकोन बोलतात. तो म्हणेल, "केबल पुरणार नाही." तेव्हा मोजलेला आकडा सांगा. हा आकडा कनेक्शनचा अर्ज करतानाच कळवला असेल तर वादच होत नाही.

त्याच्याकडून या गोष्टी आग्रहानं करून घ्या:

१. खांबापासून बॉक्सपर्यंत केबल शक्यतो अखंड. लांबीनं सिग्नल जात नाही, सांध्यानं जातो. खिडकीजवळ तोडून जोड देऊन आत नेलेली केबल पहिल्या पावसाळ्यात दगा देते.

२. आधाराची स्टीलची तार बाहेरच हुकाला बांधून बाहेरच तोडायची. काचेतून वीज येत नाही, पण ही तार आत आणली तर वळवाच्या पावसात विजेला वाट मिळते. खिडकीच्या गजालाही ती बांधू नका.

३. वळण चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नको. उरलेली केबल दुमडून कोंबू नका, गोल वेटोळं करून ठेवा. केबलवर खिळ्याची क्लिप ठोकताना ती चेपू नये.

४. आतल्या पिनेचा रंग बघा. हिरवी पिन हिरव्या खाचेतच जाते. हिरवी आणि निळी एकमेकांत बसतात, पण त्यांची टोकं जुळत नाहीत आणि सिग्नल गळतो.

५. पॉवर मीटर लावून आकडा विचारा. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडं गेला असेल तर सही करू नका. कुठंतरी वळण किंवा सांधा चुकलाय. आकडा आणि तारीख लिहून ठेवा. पुढं तक्रार करताना "आधी उणे १९ होतं, आता उणे २६ आहे" असं सांगितलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

*सावधान:* उघड्या फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. आणि कापलेले काचेचे केसाएवढे तुकडे झाडून काढता येत नाहीत. चिकटपट्टीनं टिपून घ्या, तोवर लहान मुलांना त्या खोलीत अनवाणी येऊ देऊ नका.

पायरी ७ : जुनं रोझेट तोडा, मग जोडा

लँडलाईन मेली म्हणून जे फोन येतात त्यांतले बरेच या पायरीचे असतात. लोक नवा बॉक्स बसला की जुना फोन जुन्याच रोझेटमध्ये ठेवतात आणि रिसीव्हर उचलून बघतात. टोन येणार कुठून? त्या रोझेटला अजून खांबावरची मेलेली तार जोडलेली आहे.

घरातली जुनी फोन वायरिंग चांगली असेल तर ती वापरता येते, पण क्रमानं:

बॉक्स बंद करा. घरातलं पहिलं रोझेट उघडा, म्हणजे बाहेरची तार जिथं आधी येते ते. आतल्या स्क्रूंवर दोन जोड्या दिसतील: एक बाहेरून आलेली, एक घरात पुढं गेलेली. बाहेरची जोडी सोडवा, दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा आणि बाजूला दुमडून ठेवा. ही जोडी न सोडवता बॉक्सची लाईन जोडू नका. बाहेरच्या तारेत अजून करंट असेल तर बॉक्सचं फोन पोर्ट जळू शकतं. मग बॉक्सच्या फोन पोर्टमधून निघालेली वायर याच रोझेटला आणून जोडा. आता घरातली बाकीची रोझेट आपोआप जिवंत होतात.

ब्रॉडबँडसाठी लावलेला जुना स्प्लिटर किंवा फिल्टर मध्ये असेल तर काढून टाका. आता त्याचं काही काम नाही.

रिंग येते तेव्हा या बारीक तारांत सत्तर-नव्वद व्होल्ट असतात. जीव जात नाही, पण शिडीवर असाल तर हात झटकून खाली याल. म्हणून आधी बॉक्स बंद.

आणि हो, जुना नंबर ठेवायचा असेल तर हे अर्ज करतानाच सांगायचं. नवीन चालू व्हायच्या आधी जुनं कनेक्शन बंद करायला कार्यालयात जाऊ नका. ०८३१ चा वीस-पंचवीस वर्षांचा नंबर नातेवाइकांना, बँकेला, गॅसवाल्याला पाठ असतो.

पायरी ८ : माणूस घरात असतानाच तपासा

बॉक्सवरचा पॉनचा (PON लिहिलेला) दिवा स्थिर हिरवा हवा. लॉसचा (LOS लिहिलेला) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाही.

फोन उचला, टोन ऐका, मोबाईल लावा. मोबाईलच्या आधी शून्य लावायला विसरू नका. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना शून्य लागतं, आणि "नवीन लाईनवरून फोन लागत नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींची अडचण एवढीच असते. मग मोबाईलवरून लँडलाईनला रिंग द्या आणि आजी जिथं बसतात तिथं उभं राहून ऐका.

लांबच्या नेटवर्क पॉइंटला लॅपटॉप जोडून वेग बघा. प्लॅन दोनशे एमबीपीएसचा आणि आकडा ९४-९५ वरच अडकला असेल तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी टोकाला नीट बसलेली नाही. टोक कापून पुन्हा मारायला सांगा.

शेवटी मेन स्विच पाडा. पंखे इन्व्हर्टरवर आले, बॉक्सचे दिवे चालू राहिले, फोनवर टोन आहे, असं झालं की त्या माणसाला चहा द्या आणि जाऊ द्या. नाही झालं तर चहा द्या आणि थांबवा.

रोझेटचं झाकण लावायच्या आधी आतल्या तारांचा मोबाईलवर फोटो काढा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहा: बाहेरची जोडी तोडली आहे, तारीख अमुक.